उजवा खांदा

“बाई, हे काय करून ठेवलंत?”

आमचे पहारेकरी शिदूमामा, त्यांच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा फरशीवर पडला. सोमवार होता, संग्रहालय बंद होतं, त्यामुळे तो आवाज सगळ्या दालनांतून फिरून परत आला. मी स्टुलावर बसून दगडाच्या तळाशी राहिलेला शेवटचा शेंदूर बांबूच्या काडीने उकलत होते. मांडीवर कापूस, पायाशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा, उजव्या हाताला टेबलफॅन. मला वाटलं, मामा थक्क झाले.

“कसा दिसतोय?” मी ऐटीत विचारलं. “आठ दिवस लागले. इथे खाली बघा, गाई आहेत. तीन. त्यांच्या मागे चोर. आणि हा भालेवाला गडी चोरांना आडवा गेलाय. हा देव नव्हेच मामा, वीरगळ आहे! गाई सोडवताना मेलेल्या माणसाचा दगड.”

मामांनी किल्ल्या उचलल्या नाहीत. ते मागच्या खिडकीपाशी गेले, बाहेर डोकावले आणि तिथूनच म्हणाले, “आली की हो माणसं.”

“कोण माणसं?”

“ह्याची,” त्यांनी दगडाकडे बोट केलं. “ह्याच्या गावची.”

ही अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. मी चोवीस वर्षांची होते आणि आमच्या जिल्हा संग्रहालयात सहायक म्हणून लागून मला आठ महिने झाले होते. वरच्या मजल्यावर तलवारी, नाणी आणि संस्थानिकांची तैलचित्रं. खालच्या मजल्यावर शिल्पं, शिलालेख, खापरं. शाळांच्या सहली आल्या की धावत वर जायच्या. खाली फारसं कोणी थांबायचं नाही. कोपऱ्यात हा कमरेएवढा उंच दगड उभा होता, शेंदराने असा लिंपलेला की नाक, डोळे, हात, काहीच कळू नये. पाटीवर लिहिलं होतं: ‘शिल्प, अनोळखी. शेवरगाव (बुडीत).’

आमचं घर तांबटांचं. काळं पडलेलं भांडं दिसलं की आमच्याकडे शेंबड्या पोराचेही हात शिवशिवतात. वडील म्हणायचे, खाली काय आहे ते दिसेपर्यंत घासायचं. तर मी आठ महिने त्या दगडावरून जाता-येता हात चोळत होते. आमचे अभिरक्षक दिघेसाहेब पंधरा दिवसांसाठी दिल्लीला गेले, कारभार माझ्या हाती आला आणि मला राहवलं नाही. साहेब परत येतील तेव्हा पाटीवरचा ‘अनोळखी’ हा शब्द खोडलेला दिसेल, शाबासकी मिळेल, असा माझा हिशेब. मामा नेमके त्या आठवड्यात पुतणीच्या लग्नाला गावी गेले होते, नाहीतर त्यांनीच माझा हात धरला असता.

“दर वर्षी येत्यात,” मामा घाईघाईने सांगायला लागले. “माघी पौर्णिमेला ह्याची जत्रा असायची. गाव धरणात गेलं. माणसं तीन वसाहतींत पांगली, एक कुटं, दुसरी कुटं. हा दगड पाटबंधारेवाल्यांनी आणून हितं टाकला. पहिल्या वर्षी ही माणसं तिकीट काढून आली आन् रांगेत हुबी राहून रडली. मला बघवंना. म्हणलं, सोमवारी या, मागल्या दारानं. तवापासनं पौर्णिमेनंतरचा सोमवार धरत्यात. अकरा वर्षं झाली.”

“साहेबांना माहीत आहे?”

“सायबांना कसं माहीत असंल?” मामा म्हणाले. “माझी पेन्शन तीन वर्षांवर आलीय बाई. आज ह्यातलं कुणी वर तक्रार घिऊन गेलं तर तुमीबी गेलात आन् मीबी गेलो.”

मागच्या दाराची कडी वाजली.

पंधरा-सोळा माणसं आत आली. चपला त्यांनी बाहेरच काढल्या होत्या. सगळ्यांत पुढे सत्तरीचा एक उंच, वाळलेला म्हातारा, हातात फुलांची परडी. हा भिकू गुरव, राखोबाचा पुजारी. राखोबा हे त्या दगडाचं नाव, तेही मला त्या दिवशीच कळलं. त्याच्या मागे नैवेद्याचं ताट घेतलेली हौसाक्का, तीन नंबर वसाहतीची. आणि तिच्या शेजारी पांढरी टोपी, खिशाला पेन लावलेले बाजीराव शेलार, दोन नंबर वसाहतीचे. गुरवही दोन नंबरलाच राहायचा.

आधी कोणाला समजलंच नाही. हौसाक्का दालनभर बघून म्हणाली, “शिदूदादा, द्येव कुटं हलीवला?”

मी स्टुलावरून उठले आणि बाजूला झाले. तेवढ्याने सगळं कळलं.

एक बाई मट्कन खाली बसली. कोणीतरी “आरं देवा” म्हटलं. बाजीराव पुढे आले, दगडाकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“कुणी केलं ह्ये?”

“मी.”

“कुणाला इचारून?”

माझ्याकडे उत्तर होतं, तेही अगदी पाठ केलेलं. शेंदूर आणि तेलाच्या थराखाली दगडाला पाणी सुटतं, कोरीव काम झिजतं, वगैरे. मी सुरुवातही केली. पण समोर एक म्हातारी पदराने डोळे पुसत असताना ते वाक्य पुरं होईना.

“चूक झाली,” मी म्हणाले. “मला माहीत नव्हतं तुम्ही येता ते.”

“न्हाई आलो असतो तर चाललं असतं व्हय?” बाजीराव म्हणाले. “आमचं गाव पाण्यात घाटलं सरकारनं, आन् द्येव सोलून ठिवला तुमी. उद्या पेपरात देतो. कलेक्टरला देतो.”

मला खरंच भीती वाटली. वडिलांनी भांडी घडवून मला शिकवलं होतं आणि ही घरातली पहिली सरकारी नोकरी होती. मामा खिडकीच्या गजाला धरून उभे होते.

गुरव मात्र दगडासमोर उकिडवा बसला. ‘वस्तूंना हात लावू नये’ ही पाटी त्याच्या डोक्यावर लटकत होती. त्याने हात लावला. तळाच्या गाईंवरून बोटं फिरवली, मग भाल्यावरून, मग वर, जिथे तोच वीर मांडी घालून शंकराच्या पिंडीपुढे बसलाय तिथपर्यंत. त्याला काही घाई नव्हती.

“आमचा आजा सांगायचा गाईची गोष्ट,” तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला. “आमाला वाटायचं, म्हातारा पोरं निजवाया सांगतोय.” मग त्याने माझ्याकडे मान वळवली. “बाई, वरचं कवच काय केलंत?”

मी डबा उचलून त्याच्यापुढे ठेवला. झाकण काढलं. तळहाताएवढाले शेंदराचे पापुद्रे, काही विटेसारखे जाड. तळाशी भुगा, तोही कागदात बांधलेला. वर चिठ्ठी: तारीख, दगडाचा कोणता भाग, वजन.

“टाकलं न्हाईस?” तो ‘तुमी’वरून एकदम ‘तू’वर आला.

“नाही. टाकायचं नसतं.”

“कुणी सांगितलं?”

“आमच्यात नियम आहे. वस्तूपासून सुटलेला कणसुद्धा टाकायचा नाही. नाव घालून ठेवायचा.”

गुरवाने डबा मांडीवर घेतला. “आमच्यातबी,” तो म्हणाला. मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं: “रडाया काय झालं? द्येवानं कवच टाकलं. माझ्या पणज्याच्या टायमाला टाकलं हुतं. तवा सगळा गाव अनवाणी नदीवर गेला हुता कवच सोडाया. एक माणूस घरात ऱ्हायला न्हवता.”

“त्या टायमाला आपनहून गळलं हुतं, तात्या,” बाजीराव म्हणाले. “हिनं काडलंय.”

“हिच्या हातानं गळलं. गाव तर द्येवानं कुणाच्या हातानं बुडवलं?”

यावर कोणी हसलं नाही, पण दालनातला ताण थोडा सैल झाला. मामांनी किल्ल्या उचलल्या.

बाजीरावांनी टोपी काढली, परत घातली आणि खिशातून घडी केलेला कागद बाहेर काढला. आता मला कळलं की ते नुसते दर्शनाला आलेच नव्हते.

“बाई, मी भांडाया आलो न्हाई. ह्ये वाचा.”

अर्ज होता. दोन नंबर वसाहतीत राखोबाचं देऊळ बांधून पूर्ण झालंय, तरी मूर्ती वसाहतीच्या ताब्यात द्यावी. खाली शंभरेक सह्या आणि अंगठे. “तीन वर्सं लागली बांधायला. पत्रा न्हाई, स्लॅब. गुरवाला शेजारी खोली बांधलीय, तीबी स्लॅबची. तात्या आज लोकाच्या कांद्यात निंदायला जातो ह्या वयात. त्याला द्येवापाशी बसाया मिळंल. तुमी ह्याच्यावर ‘संग्रहालयाची हरकत नाही’ एवढं लिवा आन् शिक्का मारा. सायेब न्हाईत तर तुमची सही चालतीया, मी इचारून आलोय. शेंदराचं मग मी काडणार न्हाई कुटं.”

सौदा सरळ होता. मला तो आवडलाही, खोटं कशाला सांगू. एक सही केली की नोकरी वाचत होती आणि म्हाताऱ्याला हक्काचं छप्पर मिळत होतं. मी पेन शोधायलासुद्धा लागले.

“आन् आमी?” हौसाक्का म्हणाली.

ताट अजून तिच्या हातातच होतं. “आमी तीन नंबरवाल्यांनी काय करायचं, बाजीदादा? तुमच्या देवळात यायचं, पाव्हणं म्हणून? तुमी पाट टाकायचा, आमी बसायचं?”

“तसं कुटं म्हणतोय मी, आक्का? द्येव सगळ्यांचाच.”

“गेल्या साली एक नंबरवाल्यांनी भजनाला बलीवलं. किती जण गेलासा तुमी?”

बाजीराव नैवेद्याच्या ताटाकडे बघायला लागले.

“एकबी न्हाई. मीबी न्हाई गेले. ज्याच्या त्याच्या दारात जायाला लाज वाटतीया आता.” तिने ताट खाली ठेवलं. “हितं यायला न्हाई वाटत. हितं कुनाचंच घर न्हाई.”

मग जी भांडणं सुरू झाली ती अर्धा तास चालली. मी आयुष्यात पहिल्यांदाच संग्रहालयाच्या दालनात इतका आवाज ऐकत होते. कोणाला जमीन काळी मिळाली, कोणाला खडक मिळाला, कोणाच्या मयताला कोण आलं नाही. धरणाआधीचंही बरंच काही निघालं. मी पेन हातात धरून उभी. शेवटी गुरवाने परडी जमिनीवर जरा जोरात ठेवली.

“कौल लावूया,” तो म्हणाला.

आवाज थांबले. मामांनी माझ्या कानाशी येऊन समजावलं: देवाच्या दोन खांद्यांवर ओल्या बोटाने दोन फुलं चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. आधी ज्या बाजूचं फूल पडेल ते देवाचं उत्तर. पडलं की पुढे कोणी तोंड उघडायचं नाही.

“उजवं पडलं तर द्येव बाजीबरुबर जायाला राजी,” गुरवाने सांगितलं. “बाई सही करंल. डावं पडलं तर हितंच ऱ्हाईल, आन् बाजी कागूद फाडंल. हाय कबूल?”

“हाय,” बाजीराव म्हणाले.

“बाई, तुला?”

मी सरकारी नोकर. देवाच्या उत्तरावर सही करायची की नाही, असा नियम कुठल्याच पुस्तकात नव्हता. “कबूल,” मी म्हणाले.

गुरवाने आधी दिवा लावला. नैवेद्याच्या ताटातला गूळ फोडला आणि प्रत्येकाच्या हातावर खडा ठेवला. “तोंड ग्वाड करा, मागल्या अर्ध्या घटकंत लई कडू बोललायसा.” मलाही दिला, मामांनाही. मग तांब्यात बोटं बुडवली आणि पांढऱ्या शेवंतीच्या दोन पाकळ्या राखोबाच्या दोन खांद्यांवर चिकटवल्या. गुरवाच्या पणज्यानंतर त्या उघड्या दगडावर लागलेला तो पहिला कौल असावा.

सगळे हात जोडून बसले. मी भिंतीला टेकून उभी राहिले, टेबलफॅनशेजारी.

फॅन दिव्यासाठी बंद केला होता. त्याचं तोंड सकाळपासून होतं तिथेच होतं, राखोबाच्या डाव्या खांद्याकडे. हे माझ्या लक्षात आलं. एक बटण. आवाज येईल, पण ‘उकडतंय’ म्हणता येईल. फेब्रुवारीचा उकाडा होताच. डावी पाकळी उडेल, दगड इथे राहील, ही माणसं पुढच्या वर्षी मागच्या दाराने येतील आणि हौसाक्काला कोणाच्या पाटावर बसावं लागणार नाही. मला आता नोकरीची तेवढी भीती राहिली नव्हती. पण दगड जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं, आणि माझं बोट बटणावर होतं.

“बाई,” गुरव मागे न बघता म्हणाला, “पंख्यापासनं लांब हुबी ऱ्हा. लोकास्नी संशेव नको.”

मी चार पावलं सरकून खापरांच्या कपाटापाशी गेले. त्याला डोक्यामागे डोळे होते की काय, देव जाणे.

किती वेळ गेला सांगता येत नाही. दिव्याची वात एकदा सारावी लागली. बाजीरावांचे ओठ हलत होते. बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला, खिडकीची तावदानं थरथरली, आणि डावी पाकळी वाकली, लोंबली, घरंगळत गाईंच्या अंगावरून खाली आली.

बाजीरावांनी पाकळी उचलून कपाळाला लावली आणि बसल्या जागी अर्ज फाडला. चार तुकडे केले. मग मात्र त्यांना हुंदका आवरला नाही. “तीन वर्सं बांधलं ओ,” ते म्हणाले. हौसाक्का उठून त्यांच्याजवळ गेली, ताटातली पुरणपोळी मोडून त्यांच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, “कवच सोडाया टरक तुझाच लागंल बग. आमची साठ माणसं हाईत.”

पुढच्या सोमवारी कवच पाण्यात सोडायचं, असं तिथेच ठरलं. तिन्ही वसाहतींना सांगावा जायचा होता. निघण्याआधी त्यांनी मला सगळं संग्रहालय दाखवायला लावलं. अकरा वर्षं येत होती ती माणसं, पण राखोबापलीकडे कधी गेलीच नव्हती. वरच्या तलवारींचं त्यांना काही वाटलं नाही. खालच्या कपाटातला दगडी पाटा बघून हौसाक्का थबकली. “असला तर माज्या परड्यात पडलाय,” ती म्हणाली. “त्याला काच लावू व्हय?”

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले. राखोबाच्या उजव्या खांद्यावर मुंग्यांची रांग लागली होती.

उजवी पाकळी अजून तिथेच होती. सुकली होती, तरी पडली नव्हती. मी काडीने तिची कड उचलायला गेले तर येईना. जोर लावला तेव्हा सुटली, आणि तिच्याखाली, दगडाच्या खळग्यात दाबून बसवलेला, अर्ध्या हरभऱ्याएवढा गूळ होता.

आधी मला हसू आलं. मला पंख्यापासून लांब उभं करणारा हा माणूस! मग ती खोली आठवली. स्लॅबची, देवळाशेजारची. पाकळी चिकटवताना त्या म्हाताऱ्याला नक्की माहीत होतं की तो काय चिकटवून टाकतोय. मामा चहा घेऊन आले तेव्हा मी त्यांना काही सांगितलं नाही. गुळाचा खडा चिमट्याने उचलला, होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत घातला आणि बूच लावलं.

त्या सोमवारी मीही धरणावर गेले. धरणाचं पाणी बरंच खाली उतरलं होतं, काठावर तडे गेलेला गाळ होता. मला वाटलं होतं पन्नासेक माणसं असतील. तीनशेच्या वर होती, आणि सगळी अनवाणी. एकमेकींच्या सुना न बघितलेल्या बायका एकमेकींना चाचपून ओळखत होत्या. दोन म्हातारे वीस वर्षांच्या अबोल्यानंतर बोलत होते, ते कोणीतरी मला मुद्दाम दाखवलं. हौसाक्काने पाण्याकडे हात करून सांगितलं, “त्यो लांबचा खडक दिसतोय न्हवं? त्याच्या अल्याड माजी चूल.” तिथे पाण्याशिवाय काही नव्हतं. पण शेजारची बाई तिला म्हणाली, “अल्याड न्हाई, पल्याड. अल्याड आमची.” आणि दोघी त्यावरून भांडायला लागल्या.

गुरव कमरेइतक्या पाण्यात उतरला. डबा उघडला. पापुद्रे बुडाले, भुगा मात्र वरच पसरला आणि बराच वेळ पाणी लाल दिसत राहिलं. परत येताना त्याच्या मुठीत एक तुकडा होता. तो त्याने मला दिला.

“तुझ्या नेमासाठी.”

मी तो रुमालात बांधला. माणसं जेवायला बसत होती. तो धोतराचा सोगा पिळत माझ्याशेजारी उभा राहिला आणि पाण्याकडे बघतच विचारलं, “त्ये फूल काडलंस का?”

“काढलं.”

“आन् खालचं?”

“ठेवलंय,” मी म्हणाले. “टाकायचं नसतं.”

तो हसला. त्याला पुढचे दात नव्हते. “मला वाटलंच, तू काडीनं बगनार.” मग म्हणाला, “माज्या हयातीत कुणाला दावू नगंस. बाजी चांगला मानूस हाय. त्याला वाटू दे, द्येवच बोलला.”

“तात्या, आणि खोली?”

“खोलीत बसून मी काय करनार हुतो?” तो म्हणाला. “दोन नंबरवाल्यांची तोंडं मला रोज दिसत्यात. बाकीच्यांची वर्सातनं एकदा, तीबी हितंच.”

मी साहेबांना सगळं सांगितलं. म्हणजे गूळ सोडून सगळं. त्यांनी मला मेमो दिला, तो अजून फाइलमध्ये आहे. मग ते भिंग घेऊन दोन तास राखोबासमोर बसले, आणि उठल्यावर त्यांनीच पत्र तयार केलं की माघी पौर्णिमेनंतरच्या सोमवारी शेवरगावच्या ग्रामस्थांसाठी संग्रहालय पुढच्या दाराने उघडं राहील. मामा पूर्ण पेन्शन घेऊन निवृत्त झाले. बाजीरावांच्या देवळात मी काढलेला राखोबाचा मोठा फोटो लागला. फोटोला पुजारी लागत नाही, म्हणून त्या स्लॅबच्या खोलीत पुढे बालवाडी भरू लागली. भिकू गुरव पुढची चौदा वर्षं दर वर्षी त्या सोमवारी आला. आदल्या दिवशीपर्यंत तो कांद्यातच असायचा. मग एका वर्षी त्याची परडी त्याच्या नातीने आणली.

मागच्या आठवड्यात मी निवृत्त झाले. माझ्या जागी आलेली मुलगी हुशार आहे, प्रत्येक कप्पा उघडून बघते. राखोबाच्या कप्प्यात एक पाकीट होतं, शेंदराचा तुकडा, त्याची नोंद नीट होती. शेजारी एक इवलीशी बाटली, तळाला काळं काहीतरी. नोंदवहीत तिला क्रमांक होता आणि पुढचे सगळे रकाने कोरे.

“मॅडम, हे काय आहे? टाकून देऊ?”

“अजिबात नाही,” मी म्हणाले. “पेन दे.”

बाजीराव गेले त्याला आता पाच वर्षं झाली. सांगायला हरकत नव्हती. मी वही पुढे ओढली आणि लिहिलं. वस्तू: गूळ. कुठे मिळाली: राखोबा, उजवा खांदा. देणगीदार: भिकू गुरव. शेवटचा रकाना गावाचा होता. तिथे मी शेवरगाव लिहिलं आणि कंसात काहीच घातलं नाही.